धडधडीचं निदान आणि ३० सेकंदांचा नियम : पार्श्वभूमी

ठोक्यांच्या तक्रारीचं निदान वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी अडत आलं आहे. धडधड होते तेव्हा ईसीजी काढलेला नसतो, आणि ईसीजी काढेपर्यंत धडधड थांबलेली असते. ईसीजीच्या शोधाला १९२४ सालीच नोबेल मिळालं, पण कागदावर उमटतात ती जेमतेम दहा सेकंदं. चालत्याफिरत्या माणसाच्या ठोक्यांची सलग नोंद घेण्याची पद्धत १९६१ साली जगासमोर आली. तिचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोंच्या आसपास होतं. आजचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र, तिचाच वारस. नव्वदच्या दशकात त्वचेखाली बसवायचे रेकॉर्डर आले आणि नोंद महिनोन्‌महिने चालू राहू लागली.

यंत्रं अशी सुधारत असताना रुग्णाचं ऐकून घेण्यात मात्र तेवढी प्रगती झाली नाही. १९९७ साली अमेरिकेत १०७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना अचानक सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांचा, म्हणजे एसव्हीटीचा विकार होता. पहिल्या तपासणीत त्यांपैकी ५५ टक्क्यांचा आजार ओळखला गेला नाही. न ओळखलेल्यांत घबराट, चिंता, ताण असा शिक्का ६५ टक्के स्त्रियांवर बसला आणि ३२ टक्के पुरुषांवर. हा फरक मला आजही अस्वस्थ करतो.

खरं तर कळीची माहिती साध्या प्रश्नांतून मिळते. धडधड हळूहळू न वाढता बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू झाली का? थांबलीही तशीच झटकन का? मानेत ठोके जाणवले का? नंतर बराच वेळ लघवीला जावं लागलं का? या सगळ्यांची उत्तरं 'हो' आली, तर संशय एसव्हीटीकडे जातो. जाणते डॉक्टर रुग्णाला बोटांनी टेबलावर ती लय वाजवून दाखवायला सांगतात. एखादा ठोका चुकून पुढचा जोरात पडणं, एकसारखी वेगवान टकटक आणि कशातच न बसणारी विस्कळीत लय या तीन गोष्टी कानाला वेगवेगळ्या कळतात.

आता वादाचा मुद्दा. एट्रिअल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत लय, जिच्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. ही लय किती वेळ टिकली म्हणजे आजार मानायचा? २००७ साली अब्लेशननंतरच्या, म्हणजे बिघडलेली लय निर्माण करणारा हृदयातला भाग निकामी करण्याच्या उपचारानंतरच्या, पाठपुराव्यासाठी तज्ज्ञांनी ३० सेकंदांची मर्यादा घातली. युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हीच मर्यादा एका लीडच्या, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने पाहणाऱ्या ईसीजीच्या, नोंदीवरून निदान करतानाही आली. ही रेघ सहमतीने आखलेली आहे. २९ सेकंदांत धोका नाही आणि ३१ व्या सेकंदाला तो सुरू होतो, असं कुठल्याही अभ्यासातून निघालेलं नाही. व्यवहारात कुठेतरी रेघ लागते हे मान्य. पण तिच्याकडे हृदयाचाच नियम म्हणून पाहिलं जातं, हे बरोबर नाही.

२०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि गुंता वाढला. सत्तरी ओलांडलेल्या, एट्रिअल फिब्रिलेशनचं निदान न झालेल्या पण पक्षाघाताचा धोका असलेल्या काही लोकांच्या त्वचेखाली रेकॉर्डर बसवले. त्यांच्यात हा विकार सुमारे ३२ टक्क्यांना सापडला, नेहमीच्या तपासण्या झालेल्या गटात १२ टक्क्यांना. सापडलेल्यांना रक्त पातळ करणारी औषधं देऊ केली, तरी पक्षाघातात ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. २०२३ च्या एका चाचणीत, उपकरणांनी टिपलेल्या एट्रिअल फिब्रिलेशनच्या छोट्या झटक्यांवर अशी औषधं दिल्यावर पक्षाघात कमी झाले, रक्तस्राव मात्र वाढले.

यावरून 'जास्त शोधून उपयोग नाही' असा सोपा अर्थ काढला जातो. तो काढणारे दोन प्रश्नांची गल्लत करतात. विकाराची चाहूलही नसलेल्यांत तो हुडकणं वेगळं, आणि धडधड, भोवळ, धाप घेऊन आलेल्या माणसाच्या तक्रारीचं कारण शोधणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला चाळणी-तपासणीचे आकडे दाखवून परत पाठवता येत नाही.

२०१८ पासून ईसीजी काढणारी घड्याळं आली आणि धडधड चालू असतानाच ईसीजीची पट्टी काढता येऊ लागली. तीही ३० सेकंदांचीच, आणि घड्याळाचा स्वयंचलित निष्कर्ष मुख्यतः एट्रिअल फिब्रिलेशनपुरता. एसव्हीटीचं नाव ते सांगत नाही. ठोके फार वेगात असले तर 'निष्कर्ष नाही' एवढंच येऊ शकतं. तरी ती पट्टी जपून ठेवावी, कारण डॉक्टर निष्कर्षापेक्षा रेषा वाचतात. मात्र शुद्ध हरपली असेल, श्रम करताना भोवळ आली असेल किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर पट्टी मिळायची वाट न पाहता लगेच तपासणी करून घ्यावी.