भडका आणि डूख: शिक्षकांवरच्या हल्ल्यामागची दोन वेगळी कारणं

विद्यार्थ्याने शिक्षकावर हल्ला केला की बातमीत कारण म्हणून शेवटचा प्रसंग येतो: सर रागावले, मॅडमनी डायरीत शेरा मारला. त्यामुळे रागाच्या भरात उचललेला हात आणि डूख धरून केलेला हल्ला एकाच खात्यात जमा होतात.

भडका वर्गातच उडतो. कॉपी पकडली जाते, मोबाइल काढून घेतला जातो, सगळ्यांदेखत पाणउतारा होतो आणि मुलगा अंगावर धावून जातो. केनेथ डॉज आणि जॉन कोई या मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ च्या अभ्यासात असं दिसलं, की पटकन उसळणारी मुलं सोबत्याच्या संदिग्ध वागण्यातही वैर पाहतात. अशा मुलाशी भर वर्गात हुज्जत घालणं टाळावं. त्याला बाजूला न्यावं, डोकं शांत झाल्यावर बोलावं. बहुतेक वेळा एवढ्याने प्रसंग टळतो.

डूख वेगळा. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलाने शिक्षिकेला वर्गात भोसकून मारलं. डायरीतल्या शेऱ्यांचा राग होता, पण चाकू तो सोबत घेऊनच आला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडच्या काशीपूरमध्ये नववीतल्याच मुलाने शिक्षकावर गोळी झाडली. पोलिसांच्या माहितीनुसार आधी खाल्लेल्या थपडेचा राग होता आणि पिस्तूल डब्यातून आणलं होतं. सुरुवात दोन्हीकडे अपमानानेच होते, म्हणून गल्लत होते. पण इथे अपमान आणि हल्ला यांच्यामध्ये वेळ गेलेला असतो, आणि माझ्या मते सगळं महत्त्व त्या वेळेला आहे.

अशा घटनेनंतर ‘पुन्हा छडी हातात द्या’ ही मागणी हटकून येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. थपडेने हल्ल्याचं समर्थन होत नाही. पण छडीने डूख वाढतो, हे शाळेत मार खाल्लेल्या कुणालाही पटेल.

अमेरिकेतल्या शाळांमधल्या ३७ हल्ल्यांच्या २००२ च्या सरकारी अभ्यासात ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधीच्या या मधल्या वेळात कुणाला तरी कुणकुण होती. बहुधा मित्राला, वर्गसोबत्याला किंवा भावंडाला. आपल्याकडे असं सांगणारा मुलगा चुगलखोर ठरतो. त्याचं नाव फुटणार नाही आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभं केलं जाणार नाही, ही खात्री शाळेने आधी द्यायला हवी.