फुगु

फुगु : टेट्राओडोन्टिडी कुलातील माशांचे जपानी नाव. कोकण किनाऱ्यावर या कुलातील माशांना ‘केंड’ म्हणतात. तेथे ते जाळी कुरतडणारे व अखाद्य म्हणूनच परिचित आहेत. जपानमध्ये मात्र तोराफुगु (टाकिफुगु रुब्रिपेस) ही जाती कच्ची खाण्यासाठी श्रेष्ठ मानतात. मांस चिवट असल्यामुळे बशीवरील नक्षी दिसेल इतक्या पातळ चकत्या करून त्या शेवंतीच्या फुलाच्या आकारात मांडतात. या पदार्थास तेस्सा म्हणतात.

फुगुतील टेट्रोडोटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. त्यामुळे मासा कच्चा की शिजवलेला, यापेक्षा जाती कोणती व अवयव कोणता, हे निर्णायक ठरते. तोराफुगुचे यकृत व अंडाशय अतिविषारी, तर मांस, त्वचा व वृषण खाद्य असतात. काही जातींची त्वचाही विषारी असते. लॅगोसेफॅलस लुनारिस या जातीचे मांसच विषारी असते. ही जाती भारतीय समुद्रातही आढळते. विष चेतातंतूंतील सोडियम-मार्ग (संदेशवहनासाठी सोडियमचे आयन ज्यांतून आत जातात ती छिद्रे) रोखते व श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. उतारा उपलब्ध नाही. कृत्रिम श्वसन हाच मुख्य उपचार होय.

जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी १९०९ च्या सुमारास विषाला नाव दिले. त्याची रासायनिक संरचना १९६४ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील न्यूट या उभयचर प्राण्याचे विषही तेच असल्याचे दिसून आले आणि मासा स्वतःच विष तयार करतो, या समजाला धक्का बसला. पुढे ते निळ्या वलयांच्या ऑक्टोपसात, काही गोगलगायींत व तारामाशांत सापडले. समुद्रतळापासून दूर ठेवून निर्विष खाद्यावर वाढवलेले फुगु सामान्यतः निर्विष राहतात. त्यांना विषारी यकृत खाऊ घातल्यास ते विषारी होतात. त्यामुळे विष जीवाणूंपासून अन्नसाखळीतून येते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि जीवाणूंच्या संवर्धनातून मिळणारी मात्रा अत्यल्प असल्याने काही संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे.

जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियाच्या स्वारीच्या वेळी (सु. १५९२) सैनिकांना फुगु खाण्यास बंदी केली, असे सांगतात. मेजी काळातील (१८६८–१९१२) फुगुवरील बंदी यामागुची प्रांतात १८८८ मध्ये उठली. त्याचे श्रेय त्याच प्रांतातील शिमोनोसेकी येथे फुगु चाखलेले जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना देतात. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातील नट आठवे बांदो मित्सुगोरो यांचा १९७५ मध्ये फुगुचे यकृत खाल्ल्याने मृत्यू झाला. १९८३ मध्ये शासनाने खाद्य जाती व अवयवांची यादी निश्चित केली; तीत यकृतास स्थान नाही. मासा सोलून साफ करण्यासाठी परवाना लागतो.

इशिकावा प्रांतात विषारी अंडाशय मिठात व नंतर तांदळाच्या कोंड्यात मिळून दोन-तीन वर्षे मुरवून, तपासणीनंतर विकतात. विष कमी होण्यात मिठाने पाझरून जाणाऱ्या द्रवाचा वाटा असावा. जीवाणूंच्या कार्याबद्दल एकमत नाही.