कूलरचे पाणी आणि कॉम्प्युटरचे पाणी

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की नवा डेस्कटॉप जोडून घेणारे दोन प्रश्न हमखास विचारतात: लिक्विड कूलिंग (प्रोसेसरची उष्णता पाण्याने वाहून नेणारी रचना) बसवले तर कॅबिनेट घरच्या कूलरसारखे गार होईल ना, आणि त्यात पाणी किती दिवसांनी भरायचे? दोन्ही प्रश्न एकाच गैरसमजातून येतात.

कूलर खानदेशात कोणाला समजावण्याची गरज नाही. टाकी, मोटर, गवताच्या जाळ्या आणि पंखा. लिक्विड कूलिंगमध्येही पंप, पंखा आणि पाणी आहे, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण कूलरमध्ये पाणी संपते आणि कॉम्प्युटरमध्ये ते संपत नाही, यातच सगळे आले. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते, आणि ती बाहेरून आलेल्या कोरड्या हवेतूनच जात असल्यामुळे ती हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गार होऊन खोलीत येते. कॉम्प्युटरच्या बंद नळ्यांत वाफ होऊन बाहेर पडणारे काहीच नसते. तिथले पाणी फक्त हमाली करते: प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, उष्णता उचलते आणि रेडिएटरमध्ये नेऊन हवेला देते. उष्णता गरम वस्तूकडूनच थंड वस्तूकडे जात असल्याने हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थोडे गरम राहिले तरच ती हवेला देता येते. म्हणून खोलीच्या तापमानाखाली ते कधीही जाऊ शकत नाही. त्याचे खरे नाते कूलरशी नसून ट्रॅक्टरच्या रेडिएटरशी आहे, आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधून गार वारा येईल अशी अपेक्षा रावेर-यावलचा कोणताही शेतकरी करत नाही.

याचा हिशेब सरळ आहे. ३० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर चालतो, तोच त्याच कामात ४४ अंशांच्या खोलीत ८९ च्या आसपास जाईल. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर आपला वेग आपोआप कमी करतात, म्हणजे मे महिन्यात हाताशी फारसे अंतर उरत नाही. त्यामुळे माझे मत ठाम आहे: साध्या कामाच्या मशीनला चांगला टॉवर एअर कूलर (प्रोसेसरवर बसणारा, पाण्याविना चालणारा धातूच्या पात्यांचा आणि पंख्याचा संच) पुरे, आणि वाचलेले पैसे खोली गार करण्यावर खर्च करावेत. घरच्या कूलरने ४४ ची खोली ३२ वर आणली, तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच उतरतो. मात्र खिडकी उघडी ठेवावी आणि कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये, कारण झोताबरोबर पाण्याचे तुषार आत जातात.

लिक्विड कूलिंगच घ्यायचे ठरले, तर ब्लॉकखालचे संरक्षक प्लास्टिक आधी काढावे. ते तसेच ठेवून तक्रार करणारे आजही भेटतात. रेडिएटर शक्यतो कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवावा. नळ्यांतली हवा नेहमी वर चढते, आणि पंपच सर्वांत उंच राहिला तर ती त्यातच अडकून आवाज येतो.

पाणी भरण्याविषयी एवढेच, की तयार संच कारखान्यातूनच सीलबंद येतो आणि त्यात आपण काही ओतायचे नसते. स्वतः नळ्या जोडून केलेल्या रचनेत त्यासाठीचे तयार कूलंटच घालावे, बोअरचे पाणी नव्हे. दर उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटी बुजवून टाकतो.