चार मीटरच्या आतली वीज : जुनी नेक्सॉन ईव्ही आणि नव्या गाड्या

बडोद्याला मांजलपुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन इलेक्ट्रिक गाड्या शेजारीशेजारी उभ्या असतात. एक आमच्या भाऊकाकांची २०२१ सालची टाटांची नेक्सॉन ईव्ही (म्हणजे इलेक्ट्रिक नेक्सॉन), दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्यांची एमजी कंपनीची नवी विंडसर. दोघींची नाकं एका रेषेत आली की विंडसरचा मागचा बंपर नेक्सॉनच्या फूटभर मागे जातो. नेक्सॉनची लांबी ३,९९३ मिलीमीटर, विंडसरची ४,२९५. जुनी नेक्सॉन नव्यांपुढे टिकते का, हा वाद निघाला की लोक बॅटरीचे आणि रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचे, आकडे काढतात. मी आधी हा फूट दाखवतो. बॅटरी बदलता येते, फूट बदलता येत नाही.

हा फूट आला २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून. छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क तेव्हा २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. छोटी गाडी कोणती, तर लांबीला चार मीटरच्या आतली, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० पर्यंत. मग काय, देशभर गाड्यांच्या शेपट्या छाटणं सुरू झालं. टाटांनीच २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखडून इंडिगो सीएस आणली. पुढे जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ जागची हलली नाही. २०१७ च्या सप्टेंबरात आलेली पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन या रेघेच्या आत बसते, अगदी अंग चोरून. विजेच्या मोटारीला सीसी नसतात आणि इलेक्ट्रिक गाडीवरचा कर लांबी विचारत नाही. तरीही नेक्सॉन ईव्ही चार मीटरच्या आतच राहिली, कारण अंगरखा थोरल्या पेट्रोल बहिणीचा होता.

बडोदेकरांना असली तडजोड जुनीच आहे. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी गेजची रेल्वे सुरू झाली. गाडी ओढायला बैल होते. रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन त्यांना पेलवेना. १८७३ मध्ये दणकट रूळ घातले तेव्हा कुठे इंजिन नीट धावू लागलं. नेक्सॉनमध्ये टाटांनी रूळ बदलायची वाट पाहिली नाही. जुन्याच रुळांवर नवं इंजिन चढवलं, आणि गंमत म्हणजे ते धावलं.

त्याआधी इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे रेवा यायची. बेंगळुरूची, २००१ सालची, दोन दारांची, मागे पोरांपुरती जागा. लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर ऐंशीएक किलोमीटर जायची. लंडनमध्ये ती जी-विझ या नावाने खपली. मी अलकापुरीत एकदाच पाहिली. लोक स्कूटर थांबवून आत डोकावत होते. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ काढली, पण घरातली एकुलती एक गाडी म्हणून ती कोणी घेईना. २०१७ मध्ये सरकारी कंपनी ईईएसएलने दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली. त्यातून टाटांची टिगोर अहमदाबादजवळच्या साणंदच्या कारखान्यातून सरकारी साहेबांच्या दिमतीला गेली. तिची रेंज दीडशेच्या आत. २०१९ च्या जुलैत ह्युंदाईची कोना आली, ४५२ किलोमीटरचा दावा आणि किंमत २५ लाख ३० हजार. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गाडी चांगली, कर कमी, पण आमच्यासारख्यांनी तिला शोरूमच्या काचेतूनच पाहिलं.

खरी सुरुवात २०२० च्या जानेवारीतली, आणि तीही पाच दिवसांच्या अंतराने दोनदा. २३ तारखेला एमजीची झेडएस ईव्ही आली, ४४.५ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी आणि २० लाख ८८ हजारांपासून किंमत. २८ तारखेला नेक्सॉन ईव्ही आली, ३०.२ युनिट आणि १३ लाख ९९ हजार. एक हालोलची, म्हणजे पावागडच्या पायथ्याची. दुसरी तेव्हा बनायची रांजणगावला. कालिकामाता आणि महागणपती, दोन्हीकडे नवस बोलणाऱ्या बडोद्यातल्या मराठी घरांची पंचाईतच. बरं, हालोलचा तो कारखाना इथल्या लोकांच्या आठवणीतला. १९९६ पासून तिथे जनरल मोटर्सची ओपेल ॲस्ट्रा बनायची. २०१७ मध्ये जीएमने तिथलं उत्पादन बंद केलं आणि कारखाना एमजीकडे गेला. त्याच आवारातून सात वर्षांनी नेक्सॉनची सगळ्यात मोठी स्पर्धक निघणार होती.

भाऊकाकांनी गाडी घेतली ती २०२१ च्या पावसाळ्यात. गुजरातचं इलेक्ट्रिक वाहन धोरण त्याच जुलैत लागू झालं होतं. एक्स-फॅक्टरी किंमत (कारखान्यातून निघतानाची) १५ लाखांच्या आत असेल तर बॅटरीच्या प्रत्येक युनिटमागे १० हजार रुपये अनुदान मिळायचं, चारचाकीला जास्तीत जास्त दीड लाख. नेक्सॉनचे हिशेबाने तीन लाख होत होते, मिळाले दीड. झेडएस या रेघेच्या बाहेर पडली. म्हणजे पेट्रोलच्या काळातला आखूड अंगरखा इथे उपयोगी पडला: गाडी लहान, बॅटरी लहान, म्हणून किंमत आवाक्यात.

काका मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून निवृत्त झालेले. विजेचं भय त्यांना नाही, अविश्वास मात्र पुरेपूर आहे. गाडी आल्यावर पहिल्या रविवारी ती दांडिया बाजारातल्या जुन्या घरी नेली आणि ओट्यावरच्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटला लावली. चार्जरवर लाल दिवा. वायर काढली, पुन्हा लावली, परत लाल. घरच्यांनी गाडीला नावं ठेवायला सुरुवात केली. काकांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिलं तर त्या घराला अर्थिंग नावालाच होतं. फ्रिज आणि गिझर तीस वर्षं त्याच भरवशावर चालले होते. मग मागच्या चौकात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा घातला, बादलीभर पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. नव्या कोऱ्या गाडीला आधी हे घर नापसंत पडलं, असं काकू अजून सांगतात.

कंपनीने पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या रेंजचा ३१२ किलोमीटरचा आकडा दिला होता; तो कसा निघाला, हेही पाहायला हवं. तो प्रयोगशाळेतला आहे, आणि त्या चाचणीत गाडी ताशी ९० च्या पुढे जातच नाही. प्रत्यक्षात काकांची गाडी शहरात एसी लावून दोनशेच्या आसपास जाते. पहिल्या वर्षी चौकात, पेट्रोल पंपावर, लग्नात एकच प्रश्न यायचा, "केटलुं चाले?" काका सांगायचे, "रोज घरी येण्याइतकी." विजेचा खर्च किलोमीटरला सव्वा रुपयाच्या घरात. करेलीबाग, मांडवी, अकोटा, परत मांजलपूर, एवढ्यात ही गाडी आजही कोणत्याही नव्या गाडीला हार जात नाही. मोटार म्हातारी होत नाही. सिग्नल सुटला की अजून पाठीला ढकल बसतो तसाच.

मधल्या काळात नेक्सॉन नावाखाली तीन गाड्या होऊन गेल्या. २०२२ च्या मेमध्ये मॅक्स आली, ४०.५ युनिटची, ४३७ किलोमीटरची. २०२३ च्या सप्टेंबरात चेहरा बदलला, आतला पडदा मोठा झाला आणि गाडीतून बाहेर वीज देता येऊ लागली. २०२४ च्या सप्टेंबरात ४५ युनिटची बॅटरी आली, दावा ४८९ किलोमीटर. म्हणून "नेक्सॉन टिकते का" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणती? २०२० ची आणि ४५ युनिटची यांच्यात सांगाडा आणि नाव सोडून फार थोडं सारखं आहे. पण सांगाडा सारखाच आहे, तिथेच घोडं पेंड खातं.

विंडसर आली ११ सप्टेंबर २०२४ रोजी, हालोलच्याच कारखान्यातून. बॅटरी ३८ युनिटची, दावा ३३१ किलोमीटरचा; म्हणजे कागदावर मोठ्या नेक्सॉनपेक्षा कमीच. तरी काही महिन्यांत ती देशातली सर्वाधिक खपाची इलेक्ट्रिक गाडी झाली. एक कारण तेव्हाची किमतीची मांडणी: ९ लाख ९९ हजारांत गाडी घ्या आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये भरा, किंवा साडेतेरा लाखांत बॅटरीसकट घ्या. दुसरं कारण आमच्या पार्किंगमध्ये दिसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी विंडसरच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तिथे २,७०० मिलीमीटर, नेक्सॉनमध्ये २,४९८. इंजिन बसवायचंच नाही म्हटल्यावर गाडीचा आराखडा माणसांपासून सुरू करता येतो. आमच्या काकू नेक्सॉनमध्ये मागे बसल्या की गुडघे तिरके करतात. बॅटरी पोटाखाली घातल्याने मागची फरशी उंचावली आहे आणि मांड्यांना आधार मिळत नाही. लग्नाच्या वयाच्या मुलाला पुढे बसवून तिघी बायका मागे बसल्या, की जुनी नेक्सॉन लगेच जुनी वाटते.

दुसरा फरक हमरस्त्यावर कळतो. अहमदाबादचा एक्स्प्रेसवे २००४ पासूनचा, ९३ किलोमीटरचा. घरापासून शहरातलं धरून जाऊन येऊन सव्वादोनशे होतात. शंभरच्या वेगाने जुनी नेक्सॉन तेवढी पुरत नाही, तिकडे कुठेतरी वायर लावावीच लागते. गेल्या डिसेंबरात सुरतेला जाताना आम्ही भरूचच्या अलीकडे एका हॉटेलापाशी थांबलो. पहिल्या चार्जरचा पडदा चालू होता, पण गन, म्हणजे वायरचं टोक, गाडीत अडकेना. दुसरा मोकळा होता, त्याला लावली. आमचा चहा झाला, सेव-उसळ झाली, काकांचा दुसरा चहा झाला. मधेच महिंद्राची बीई ६ आली, शेजारच्या गनला लागली आणि आमच्या आधी निघूनही गेली. ती २० ते ८० टक्के वीस मिनिटांत घेऊ शकते. पहिल्या नेक्सॉनला शून्यापासून ८० पर्यंत तासभर लागतो, चार्जर कितीही दांडगा असला तरी, कारण वीज घेण्याची तिचीच मर्यादा आहे. काका काही बोलले नाहीत, फक्त त्या गाडीची शेपटी लांब जाईपर्यंत पाहत राहिले.

पण माझ्या मते जुन्या नेक्सॉनला सगळ्यात जास्त मार बसला तो कुठल्याही नव्या इलेक्ट्रिक गाडीकडून नाही. तो बसला २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नव्या जीएसटी दरांनी. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ झाला. चार मीटरवरच्या गाडीवर ४० टक्के. इलेक्ट्रिक गाडीवर लांबी कितीही असो, पाचच. आता गणित करून पाहा. क्रेटासारख्या लांब गाडीत पेट्रोल आणि वीज यांच्यातला फरक ३५ टक्क्यांचा. नेक्सॉनमध्ये तो १३ वर आला. पेट्रोल नेक्सॉनची सुरुवातीची किंमत ८ लाखांवरून ७ लाख ३२ हजारांवर उतरली, ईव्हीची तेव्हा साडेबारा लाखांपासून होती. ज्या चार मीटरच्या रेघेने २०२१ मध्ये नेक्सॉन ईव्हीला स्वस्त ठेवलं, त्याच रेघेने आता तिच्या थोरल्या बहिणीला अधिक स्वस्त केलं. लांब इलेक्ट्रिक गाड्यांना असं घरचं वैर नाही.

त्यात हे गुजरात. इथे सीएनजीचा पंप शोधावा लागत नाही, घराघरांत पाइपचा गॅस आहे. टाटांनी २०२४ च्या सप्टेंबरात नेक्सॉनही सीएनजीत आणली. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात ज्या दोघांनी नेक्सॉन घेतली, त्यांनी तीच घेतली.

घरचं वैर आणखी एका बाजूने आहे. साणंदला फोर्डचा कारखाना टाटांनी २०२३ च्या जानेवारीत ७२५ कोटी ७० लाखांना घेतला आणि पुढे नेक्सॉन तिथे बनू लागली. पण टाटांच्याच पंच ईव्हीला आणि कर्व्ह ईव्हीला २०२४ मध्ये तिच्या खालची आणि वरची जागा मिळाली. गुजरातेतल्याच हन्सलपूरहून सुझुकीच्या ई-विटाराला २६ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. बडोद्याभोवती काही तासांच्या टापूत आता तीन कारखाने इलेक्ट्रिक गाड्या काढतात, आणि काकांच्या गाडीच्या वयाचं कोणालाच अप्रूप राहिलेलं नाही.

आता उरते वापरलेल्या गाडीची गोष्ट. २०२० ते २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही सेकंडहँड बाजारात आल्या आहेत, आणि तिथे लांबी, पडदे, रंग कोणी विचारत नाही. विचारतात दोनच गोष्टी: बॅटरीची क्षमता किती उरली आणि वॉरंटी किती उरली. या गाड्यांच्या बॅटरीवरची कंपनीची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. काकांच्या गाडीची २०२९ च्या ऑगस्टात संपते. ६८ हजार किलोमीटर झाले आहेत.

मागच्या महिन्यात एक दलाल पार्किंगमध्ये येऊन गाडी पाहून गेला. त्याने बॉनेट उघडलं नाही की टायर दाबून पाहिले नाहीत. मीटरचा फोटो काढला, आरसी बुकावरची तारीख पाहिली, मोबाइलवर काहीतरी आकडेमोड केली आणि साडेपाच लाख म्हणाला. काका म्हणाले, तेवढ्यात बॅटरीशिवायची विंडसरही यायची नाही. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी वायर सोडली, आधी बोटाच्या मागच्या बाजूने प्लग गरम नाही ना ते पाहिलं, आणि मग सॉकेटला लावली.