रुबी स्क्रिप्टच्या कमेंटमधून मॅन पेज

रुबी या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कशी वापरायची हे तिच्याच फाइलमध्ये कमेंट म्हणून, म्हणजे प्रोग्राम चालताना दुर्लक्षित होणारा मजकूर म्हणून लिहून, त्यातून युनिक्सच्या ‘मॅन’ या माहितीची पाने दाखवणाऱ्या आज्ञेला दाखवता येईल असे पान तयार करण्याची पद्धत. विदर्भातल्या खेड्यात, जिनिंगच्या वजनकाट्यावर नेटचा भरवसा नसतो आणि हंगामात काट्यावरचा मुलगाही बदलतो. पावत्यांची बेरीज करून कडता (वजनातली कपात) वजा करणारी स्क्रिप्ट तिथे असेल, तर तिची माहिती त्याच संगणकात हवी. कोड बदलणाऱ्याच्या नजरेसमोर मजकूर राहतो, हा या पद्धतीचा खरा फायदा.

रुबीत ‘इक्वल-बिगिन’ (=begin) ते ‘इक्वल-एंड’ (=end) हा भाग कमेंट ठरतो. दोन्ही शब्द ओळीच्या अगदी सुरुवातीला हवेत. आधी एक जरी स्पेस पडली तरी सिंटॅक्स एरर येते. ‘इक्वल-बिगिन’पुढे स्पेस देऊन ‘मॅन’ लिहिले तर रुबी तिकडे दुर्लक्ष करते, आणि नेमका हाच भाग उचलता येतो. फाइलमधल्या सगळ्याच कमेंट उचलू नयेत. आतल्या कोडवरच्या नोंदी काटा चालवणाऱ्याच्या कामाच्या नसतात.

उचललेला मजकूर रॉफमध्ये, म्हणजे मॅन पानांच्या मांडणीच्या भाषेत बदलतात. तिच्या आज्ञा टिंबाने सुरू होतात: वर पानाच्या नावासाठी टीएच, शीर्षकांना एसएच, पर्यायांना टीपी. सर्वांत आधी बॅकस्लॅश बदलावा, नाहीतर आपणच नंतर घातलेले बॅकस्लॅश पुन्हा बदलले जातात. रुबीतल्या मजकूर बदलणाऱ्या जीसब (gsub) मेथडला इथे बदलीची स्ट्रिंग न देता ब्लॉक (कोडचा तुकडा) द्यावा, कारण बदलीच्या स्ट्रिंगमधल्या बॅकस्लॅशचा अर्थ रुबी वेगळा लावते. पर्यायांतल्या हायफनपुढेही बॅकस्लॅश लागतो. तो नसेल तर काही संगणकांवर पानातून कॉपी केलेली आज्ञा चालत नाही.

सगळ्यात फसवी चूक टिंबाची. ‘.५ किलो कडता’ अशी ओळ टिंबाने सुरू झाली की रॉफ तिला आज्ञा समजते आणि ती ओळ पानावर दिसतच नाही. ओळीच्या सुरुवातीच्या एकेरी अवतरणाचेही तसेच. दोन्हींच्या आधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड घालावेत.

तयार फाइल ‘मॅन -एल’ने (फाइल थेट उघडून दाखवणारा पर्याय) तपासून आज्ञांच्या पानांच्या मॅन१ फोल्डरमध्ये ठेवतात, मराठी पान एमआर (मराठीचा भाषा-कोड) फोल्डरातल्या मॅन१मध्ये, यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात. पहिले शीर्षक मात्र इंग्रजी ‘नेम’ हेच ठेवावे, कारण आज्ञेची थोडक्यात ओळख सांगणाऱ्या ‘व्हॉटइज’ आज्ञेसाठी लागणारी एका ओळीची ओळख त्याखालूनच घेतली जाते.