'तुला लॉजिकच नाही' हे खरं असतं का?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना काही पोरांचा प्रोग्राम पाच मिनिटांत रन होतो आणि काहींचा सेमिस्टर संपत आलं तरी एररच देत राहतो, मग कोणीतरी म्हणतं 'तुला लॉजिकच नाही', आणि ते पोरगं हे आयुष्यभर खरं मानून चालतं. मला हे फार लागतं, कारण यावर रिसर्च झालाय आणि तो काही वेगळंच सांगतो.

आधी प्रोग्राममधला एक छोटा प्रश्न. ए आणि बी हे दोन व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायचे नाव दिलेले डबे. ए मध्ये १० आहे, बी मध्ये २०. पुढची ओळ: ए = बी. आता कशात काय?

शाळेतलं बीजगणित डोक्यात असेल तर १० आणि २० बरोबर कसे, हाच प्रश्न पडतो. कोणी म्हणतं अदलाबदल झाली, कोणी म्हणतं बी मधले २० उचलून ए मध्ये टाकले म्हणजे बी रिकामा. खरं उत्तर: दोन्हीत २०. उजवीकडच्या किमतीची कॉपी डावीकडे जाते, बी तसाच राहतो. 'बरोबर'चं चिन्ह इथे बरोबर म्हणतच नाही, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं!

लंडनच्या मिडलसेक्स युनिव्हर्सिटीतल्या देहनदी आणि बोर्नाट यांनी असेच प्रश्न प्रोग्रामिंगचा कोर्स सुरू व्हायच्या आधीच पोरांना दिले. त्यांचं म्हणणं असं की उत्तर चुकलं तरी चालेल, पण सगळीकडे एकच नियम लावणारी पोरं पास होतात आणि दर वेळी नियम बदलणारी बहुतेक नापास. २००६ मध्ये 'उंटाला दोन वशिंडं' अशा अर्थाच्या नावाने हा पेपर फिरला, म्हणजे मार्कांच्या आलेखात दोन उंचवटे, जमणारे आणि न जमणारे. तो रीतसर छापूनही आला नव्हता, तरी लोकांनी उचलून धरला. डेन्मार्कमध्ये तीच टेस्ट घेतली तर पुढच्या निकालाशी संबंधच सापडला नाही, आणि २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच दावा जाहीरपणे मागे घेतला. एवढं सगळं बोलून झाल्यावर चुकलो म्हणायला धमक लागते.

मग २०१६ मध्ये कॅनडात पटिट्सास आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या कोर्सेसच्या फायनल मार्कांचे ७७८ आलेख तपासले. एकाहून जास्त उंचवटे फक्त ५.८ टक्क्यांत. पुढे त्यांनी ५३ प्रोफेसरांना मुद्दाम संदिग्ध आलेख दाखवले, आणि ज्यांना वाटत होतं की काही पोरांना हे उपजतच जमतं, त्यांना तिथे दोन उंचवटे इतरांपेक्षा जास्त वेळा दिसले!

मग वर्गात जो फरक दिसतो तो येतो कुठून? न्यूझीलंडच्या अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये मांडलेलं मला सगळ्यात पटतं. प्रोग्रामिंगमधल्या गोष्टी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, व्हेरिएबल नाही कळला तर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) कळत नाही, लूप नाही तर ॲरे (एका नावाखाली किमतींची रांग) नाही, आणि उलट सुरुवातीची एक गोष्ट नीट बसली की पुढची सोपी जाते. त्यांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून पाहिलं, सगळी पोरं सारख्याच कुवतीची धरली, तरी शेवटी दोन गट पडले. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात तापाने आजारी पडून दोन लेक्चरं बुडाली, नेमकी व्हेरिएबलची, तर डिसेंबरच्या परीक्षेत तेच पोरगं 'लॉजिक नसलेलं' दिसू शकतं.