‘लॅन्सेटमध्ये सिद्ध झालंय’ म्हणे!

‘गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने मुलं स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात, लॅन्सेटमध्ये सिद्ध झालंय.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला तो शोधनिबंध खरा होता, १९९८चा. पण त्यात असं काही सिद्ध झालंच नव्हतं.

आपण शोधनिबंधाचं शीर्षक आणि सारांश वाचतो, फार तर शेवट. खरी मेख असते मधल्या ‘पद्धती’ या भागात: कोणाला तपासलं, किती जणांना, तुलना कोणाशी केली? इथे मुलं होती अवघी १२. तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. म्हणजे मीठ किती पडलंय ते न बघताच आमटीला नावं ठेवण्यातला प्रकार!

पुढे ‘निष्कर्ष’. आठ मुलांच्या त्रासाचा संबंध लशीशी जोडला होता, तो पालकांच्या किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आणि ‘चर्चा’ या भागात तर लेखकांनीच लिहिलंय, की लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही. हे वाक्य मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

लेखकांनी आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करायचे असतात, तेही झालं नव्हतं. लस कंपन्यांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. २०१० मध्ये लॅन्सेटने निबंध मागे घेतला. त्याआधीच, २००२ मध्ये, डेन्मार्कमधल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासून झाल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नता जास्त आढळली नाही.